परदेशात एमबीबीएस, मायदेशी परीक्षा

रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानातून डॉक्टर होऊन महाराष्ट्रात परतलेल्या मुलामुलींना लगेच दवाखान्याची पाटी लावता येत नाही. आधी एफएमजीई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. ती साधारणपणे वर्षातून दोनदा होते.

संगणकावर ३०० बहुपर्यायी प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग आणि प्रत्येक भागाला अडीच तास, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम एक मिनिट. उत्तीर्ण व्हायला १५० गुण हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तयारी करताना गुणांचा हिशेब पाहा. सुमारे १०० गुण शरीररचना, विकृतिशास्त्र अशा पायाभूत विषयांना, तर २०० गुण मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, सामाजिक आरोग्य अशा विषयांना असतात.

खरी अडचण येते ती इथल्या आजारांची. जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटदुखीने उठतो, त्याच्या पापण्या मिटू लागतात, अंगावर दंशाची खूणही दिसत नाही. मण्यार चावल्याची शंका इथे लगेच यायला हवी. थंड देशात शिकलेल्याने असा रुग्ण पाहिलेला नसतो. म्हणून सर्पदंश, क्षयरोग, डेंग्यू आणि आपले लसीकरणाचे वेळापत्रक पक्के करा.

उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिप आणि ती पूर्ण झाली की कायम नोंदणी. विद्यापीठाची मूळ कागदपत्रे मात्र परदेश सोडण्यापूर्वीच हातात घ्या.