दगडांतील व मिठांतील जीवसृष्टि



पावसाळा लागला म्हणजे घरांतील मिठास पाणी सुटतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेंतील ओलावा मीठ शोषून घेतें. ही घरगुती गोष्ट ध्यानांत ठेवावी. आजच्या विषयाची किल्ली तीच आहे.

दक्षिण अमेरिकेंतील अटाकामा वाळवंटांत कित्येक ठिकाणीं वर्षानुवर्षें पाऊस पडत नाहीं. तेथील मिठाच्या ढेकळांत सूक्ष्म जीवांच्या वसाहती असल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. हवेची आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मीठ ओलें होतें, आणि तेवढ्या ओलाव्यावर हे जीव निर्वाह करितात. मिठाचा पापुद्रा प्रखर ऊन अडवितो, परंतु त्यांस पुरेसा प्रकाश आंत सोडतो.

अशा जीवांसाठीं इतकें दूर जावयास नको. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर उल्कापातानें काळ्या पाषाणांत झालेलें असून त्याचें पाणी खारट व क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्यें तें एकाएकीं गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें त्याची परीक्षा केली. पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळें लवणप्रिय जीव बळावले होते व त्यांच्या अंगच्या रंगद्रव्यानें पाणी रंगलें होतें. हे जीव तळाशीं बसतांच पाणी पुन्हां निवळलें.

खारें पाणी आटून मिठाचा स्फटिक बनतो, तेव्हां त्यांत पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात, आणि असे जीव त्या थेंबांत तग धरूं शकतात. किती काळ? २५ कोटी वर्षांपूर्वींच्या मिठांतून जंतु जिवंत केल्याचा दावा २००० सालीं अमेरिकेंत झाला. परंतु तो सर्वमान्य झाला नाहीं. जंतु स्फटिकांतील, कीं मागाहून शिरलेला, हें ठरविणें फार कठीण!

हीच अडचण कोयनेस आली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा प्रदेश तो. भूकंपाच्या अभ्यासासाठीं तेथें खोल विवरें खणलीं गेलीं. काळ्या पाषाणाचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत तीं पोंचलीं, आणि त्या दगडांतही खरगपूरच्या संशोधकांस जंतूंचे अंश मिळाले. परंतु खणतांना वापरलेल्या द्रवांतही जंतु असतात. म्हणून नमुन्याचा बाहेरचा भाग टाकून केवळ गाभा घ्यावयाचा, आणि त्या द्रवाचीही वेगळी परीक्षा करावयाची, असा दंडक पाळावा लागतो. शाळेंत मुलांस हेंच शिकवावें लागतें, कीं उत्तर मिळालें म्हणजे काम संपलें नाहीं. तें तपासून पाहावें लागतें.

उद्यां मंगळावरील दगड पृथ्वीवर आले, तर त्यांचीही परीक्षा अशाच कसोशीनें करावी लागेल. तोंवर आपल्या दारचें लोणार तरी आपण निर्मळ राखूं या. तेथें येणारें सांडपाणी त्या दुर्मिळ जीवांचें वसतिस्थानच बदलून टाकील; आणि एकदां तें नाहींसें झालें, तर कोणत्याही प्रयोगशाळेस तें पुन्हां घडवितां येणार नाहीं.