अंथरुणातून अंगणाकडे

हृदयविकाराच्या झटक्यातून माणूस वाचला, म्हणजे त्याने पुढे पडूनच राहावयाचे, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केवळ घरोघरी नव्हे, तर वैद्यकशास्त्रातही रूढ होती. हृदयाच्या स्नायूचा मृत झालेला भाग भरून तेथे घट्ट व्रण बनण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. म्हणून तितका काळ रोग्याने निश्चल पडावे, घासदेखील परिचारिकेने भरवावा, असा दंडक होता. हेतू दयेचाच. परंतु हालचाल थांबलेल्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसांत जाऊन अडकत, आणि झटक्यातून बचावलेला मनुष्य अंथरुणापायी दगावे.

बोस्टन येथील डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व त्यांचे तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांनी या दंडकास हरकत घेतली. त्यांनी अशा रोग्यांना लवकरच उचलून हातांच्या खुर्चीत बसविण्यास प्रारंभ केला. पाय खाली सोडले म्हणजे काही रक्त तिकडे उतरते व दुबळ्या हृदयावरील भार हलका होतो, हा लेव्हाइन यांचा युक्तिवाद. इतर डॉक्टरांना तो प्रकार क्रौर्याचा वाटला! ८१ रोग्यांचा हा अनुभव १९५२ साली प्रसिद्ध झाला. बसलेल्या रोग्याच्या मनाला उभारी येते, हेही त्यांत दिसून आले. आणि ही गोष्ट औषधाहून कमी मोलाची नव्हे.

पुढे सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला. सुमारे सात आठवड्यांनी ते इस्पितळाबाहेर पडले, १९५६ साली पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

अंथरूण धडधाकट माणसालाही किती खचविते, हे १९६६ साली डॅलस येथे मोजले गेले. पाच तरुणांना वीस दिवस निजवून ठेवले, तो त्यांची श्रम करण्याची ताकद पाव हिश्शाहून अधिक घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा वयानेही त्यांची तितकी हानी केली नव्हती.

आता इस्पितळे रोग्याला लवकर उठवितात. खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. जिव्हाळ्याची माणसे त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, आणि बरा होत आलेला गृहस्थ स्वतःला पंगू समजू लागतो. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, की अंगणात थोडे चालावे, दर आठवड्यास थोडे वाढवावे. वेग इतकाच की चालता चालता बोलता यावे. छातीत कळ, धाप वा घेरी आल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांस कळवावे. पहिले काही दिवस घरातील कोणी सोबत चालले, तर दोघांचीही भीती त्याच वाटेवर ओसरते.