भीमसरटांची पुस्तके आणि आपली मुले



मुलांच्या हाती पुस्तक पडावे यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तिच्यात बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. माझा उभा जन्म संतवाङ्मय शिकवण्यात गेला. अशा माणसाने डायनोसॉरविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आजचा माझा विषय डायनोसॉर हा प्राणी नसून त्याच्यावरची पुस्तके हा आहे, आणि पुस्तकाची निवड हा अखेर भाषेचाच प्रश्न असतो. निवृत्तीनंतर नातवंडांच्या आणि शेजारपाजारच्या मुलांच्या निमित्ताने अशी पुष्कळ पुस्तके मी चाळली. त्यातून जे सुचले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रारंभ शब्दापासूनच करू. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ग्रीक शब्दांच्या आधाराने ‘डायनोसॉर’ हे नाव घडवले. त्याचा अर्थ भयंकर सरडा. मराठीत त्यासाठी ‘भीमसरट’ असा भारदस्त प्रतिशब्द योजला गेला. वास्तविक डायनोसॉर हे सरडे नव्हेत, त्यांचा वंश निराळा. त्यांचे आज हयात असलेले वारस म्हणजे पक्षी. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी त्यांच्या गोतातली आहे आणि भिंतीवरची पाल नाही, हे कळले की मूल चकित होते. नाव एक सांगते आणि वस्तू दुसरेच सांगते, हा भाषेचा पहिला धडा एखादे डायनोसॉरचे पुस्तक सहा वर्षांच्या मुलाला हसतखेळत देऊन जाते.

मुलांना या प्राण्यांची एवढी ओढ का वाटते? मला तीन कारणे दिसतात. एक, हे भय निर्धोक असते. प्राणी अक्राळविक्राळ खरा, पण तो आज नाही. दुसरे, त्यात नावे असतात, आणि नाव उच्चारता येणे ही मुलाला सत्ता वाटते. तिसरे मोलाचे कारण असे, की घरातल्या वडीलधाऱ्यांना जे ठाऊक नाही ते मुलाला ठाऊक असते. आजोबांना शिकवण्याचा आनंद दुसऱ्या कोणत्या विषयात मुलाला इतक्या लवकर मिळेल?

आता आपल्या भूमीकडे पाहू. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. तो चुनखडक डायनोसॉर जन्मण्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधी समुद्राच्या तळाशी साचला. बीदरच्या पठाराखालचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थिजला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्ताच्या काळात. त्या पाषाणाची झीज होऊन कलबुर्गीच्या तुरीला पोसणारी काळी माती झाली आणि बीदरच्या किल्ल्याला लागलेला तांबडा जांभा झाला. फरशीवर बसून पुस्तक वाचणारे आपले मूल डायनोसॉरांहून जुन्या दगडावर बसलेले असते. हे त्याला सांगणारे पुस्तक मला अद्याप भेटलेले नाही. तोवर ते काम शिक्षकाने आणि पालकाने करायचे आहे.

आता वयपरत्वे निवडीकडे वळतो.

पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे पुस्तक आपण वाचायचे असते आणि त्याने पाहायचे असते. एका पानावर एक प्राणी, जाड पान, ठसठशीत चित्र आणि कानाला गोड लागणारी दोनचार वाक्ये एवढे पुरे. या वयात डायनोसॉर बोलला, शाळेत आला, आंघोळीचा कंटाळा करू लागला, तरी बिघडत नाही. पंचतंत्रातले कोल्हे-सिंह आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बोलत आले आहेत. मात्र ती गोष्ट आहे हे पुस्तकाने लपवू नये. माहितीचे म्हणून जे पुस्तक देतो, त्याच्या चित्रात डायनोसॉरासमोर भाला घेतलेला माणूस दिसला, तर ते पुस्तक खुशाल परत ठेवावे.

सहा ते आठ हे स्वतः वाचू लागण्याचे वय. येथे आपल्या लिपीची एक अडचण उभी राहते. ‘टायरॅनोसॉरस’ हा शब्द नुकती जोडाक्षरे शिकलेल्या मुलाला अडवतो. चांगले पुस्तक असे नाव तोडून, मोठ्या टंकात देते आणि त्याचा अर्थ सांगते. विकत घेण्यापूर्वी मधले कोणतेही एक पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. प्राण्यांची नावे वगळून पाच-सहा ठिकाणी ते अडखळले, तर ते पुस्तक आपण वाचून दाखवावे आणि त्याच्या हाती दुसरे द्यावे. याच वयात मापे मुलाच्या ओळखीची हवीत. चौदा मीटर म्हणजे किती, हे त्याला कळत नाही, एस. टी. बसपेक्षा लांब म्हटले की लगेच कळते.

काळाचेही तसेच. ६.६ कोटी हा आकडा मोठ्यांच्याही डोक्यात मावत नाही. शाळेच्या पटांगणात एक मीटरला एक लाख वर्षे असे माप धरावे. डायनोसॉरांचा अंत ६६० मीटरांवर येतो, म्हणजे पटांगण सोडून रस्त्याला लागावे लागते. आपल्या मानवजातीचा सारा इतिहास पहिल्या तीन मीटरांत संपतो. आणि महमूद गवानाने १४७२ साली बीदरला पुरी केलेली मदरशाची वास्तू? ती आपल्यापासून जेमतेम साडेपाच मिलिमीटरांवर, तुरीच्या एका दाण्याएवढ्या अंतरावर येते. हा खेळ मुले विसरत नाहीत.

नऊ ते अकरा हे संग्राहकाचे वय. या मुलाला तक्ते, नकाशे, वजने, कोष्टके हवी असतात. त्याच्या पुस्तकाला शब्दसूची असावी, कारण हवे ते शोधून काढण्याची सवय याच वयात लागते. पण केवळ आकड्यांचा ढीग देणारे पुस्तक अपुरे आहे. ‘हे कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात हवे. आणि त्या उत्तरासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरांची हाडे तर मिळालीच, शिवाय त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळाले. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिकताकण सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, असे तोवर सर्रास मानले जात असे. शेणावरून जनावराचा चारा ओळखणे आपल्या शेतकऱ्याच्या मुलाला नवे नाही. शास्त्रज्ञांनीही तेच केले, हे वाचल्यावर विज्ञान त्याला परके वाटत नाही.

त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या अवशेषांवरून ‘आयसीसॉरस’ हे नाव पडले. त्यातला ‘आयसी’ म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. नर्मदेच्या नावाने ओळखला जाणारा ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ २००३ साली जगापुढे आला. आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका महाकाय शाकाहारी प्राण्याचे नाव आहे ‘बारापासॉरस टागोराय’. ‘बारा’ म्हणजे बडा, ‘पा’ म्हणजे पाय. १९६१ साली, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी त्याचे उत्खनन झाले, म्हणून त्यांचे नाव. ग्रीक-लॅटिनच्या गर्दीत हे नाव मराठी मुलाला शब्दकोशावाचून कळते! ज्या पुस्तकात भारताचे एकही पान नाही, ते पुस्तक आपल्या मुलाला नकळत असे शिकवते, की जे काही घडले ते दुसरीकडे घडले.

बारा ते चौदा या वयात मुलाला वाद आवडतो. त्याला शास्त्रज्ञ कोठे चुकले आणि ती चूक कशी सुधारली, हे सांगणारे पुस्तक द्यावे. मंगोलियात अंड्यांजवळ सापडलेल्या एका डायनोसॉराला १९२४ साली ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडीचोर, असे नाव मिळाले. पुढे १९९३ साली तशाच अंड्यात त्याच्याच जातकुळीचे भ्रूण सापडले. ज्याला चोर ठरवले, तो बहुधा आपल्याच अंड्यांपाशी होता. पण नामकरणाच्या नियमांनुसार नाव मात्र बदलत नाही. ते आजही तेच आहे. एखाद्याला एकदा चिकटवलेले नाव पुसणे किती कठीण असते, हे चौदा वर्षांच्या मुलाने वाचावे आणि आपल्या वर्गाकडे, आपल्या गावाकडे पाहावे. नीतिपाठाच्या पुस्तकात याहून चांगला पाठ मला आढळलेला नाही.

डायनोसॉर का नष्ट झाले, हाही असाच प्रश्न. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनीच्या आघाताचा सिद्धान्त मांडला. १९९१ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचे विवर त्या आघाताचे म्हणून ओळखले गेले. आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींचा त्यात वाटा किती, यावर मात्र अजून चर्चा चालते. या वयाच्या मुलाने दोन्ही बाजू वाचाव्यात. ज्याच्या घराच्या पायाखाली त्या वादातला एक साक्षीदार आहे, त्याने तर अवश्य वाचाव्यात.

आता सर्वच वयांना लागू पडणाऱ्या तीन कसोट्या सांगतो. पहिली, प्रकाशनाचे वर्ष पाहावे. १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटानंतर पुस्तकांची लाट आली. पण १९९६ साली चीनमधून पिसांसारखे आवरण असलेल्या डायनोसॉराचे अवशेष पुढे आले आणि अनेक चित्रे शिळी झाली. जुने पुस्तक फेकावे असे मी म्हणत नाही. ते नव्या पुस्तकाशेजारी ठेवून काय बदलले ते मुलाला शोधू द्यावे. दुसरी कसोटी, हाड कोणते आणि चित्रकाराची कल्पना कोणती, हे पुस्तक सांगते का ते पाहावे. प्राण्याचे रंग बहुधा अनुमानाचे असतात. तिसरी कसोटी भाषेची. बाजारातली बरीच पुस्तके भाषांतरित आहेत आणि काहींचे मराठी वाचवत नाही. ‘तो एक असा शिकारी होता ज्याचे दात केळ्याच्या आकाराचे होते’ या वाक्याला मराठी म्हणवत नाही. ‘त्याचा एकेक दात केळ्याएवढा’ म्हटले की वाक्य मुलाच्या तोंडी बसते. दुकानात उभ्या उभ्या दोन वाक्ये मोठ्याने वाचावीत. कान खरे काय ते सांगतो.

मित्रहो, ही कसोटी आपल्या सीमाभागात अधिक जिव्हाळ्याची आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील आपले मूल घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड आणि दख्खनी ऐकते आणि इंग्रजीची धास्ती बाळगते. ही भाषांची श्रीमंती आहे, तिचे ओझे होऊ नये. पण घरात गोष्ट मराठीत आणि ज्ञान मात्र नेहमी परभाषेत, अशी वाटणी एकदा झाली, की मातृभाषा केवळ जेवणाखाणाची आणि सणावाराची उरते. जे मूल आठव्या वर्षी ‘जीवाश्म’, ‘अशनी’, ‘उत्खनन’ हे शब्द आवडीने उच्चारते, ते मूल आपल्या भाषेत विचार करता येतो असे मानू लागते. त्याच मुलाने शेजारच्या मित्राकडून कन्नड पुस्तक मागून आणावे, पुढे इंग्रजी ग्रंथही वाचावेत. अशोक साहनी यांचे भारतातील डायनोसॉरांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. शाळेच्या कपाटात ते असावे. भाषा एकमेकींच्या सवती नसतात.

म्हणून माझी संस्थेला आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. शाळेत या विषयाचा एक खण उघडावा. प्रत्येक वयोगटासाठी चारपाच पुस्तके निवडून घ्यावीत, आणि ती कुलुपात न ठेवता मुलामुलींच्या हाती द्यावीत. मुलींच्या, हे मुद्दाम म्हणतो. हा मुलग्यांचा विषय आहे असे मानणारी घरे अजून पुष्कळ आहेत. वर्षातून एकदा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयाची सहल न्यावी. गोदावरी खोऱ्यातल्या यामनपल्लीजवळ सापडलेल्या ‘कोटासॉरस’चा सांगाडा तेथे उभा आहे. तो एकाहून अधिक प्राण्यांच्या हाडांतून जुळवलेला आहे, हेही मुलांना सांगावे, म्हणजे ज्ञान कसे जुळवले जाते ते त्यांना दिसेल.

पुस्तके हाताळली जातील, पाने निखळतील, मलपृष्ठ फाटेल. ग्रंथपालांनी त्याबद्दल मुलांना रागावू नये. वर्षअखेरीस जे पुस्तक सर्वांत जास्त फाटले असेल, त्याच्याच दोन नव्या प्रती मागवाव्यात. निवड बरोबर होती की नाही, याचा याहून भरवशाचा निकाल कोणताही तज्ज्ञ देऊ शकणार नाही.