छापण्याआधी पाखडणारी माणसं

कुणी कामं आवरून बसली असेल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल. आज एका अशा कामाबद्दल बोलणार आहे, जे आपल्याला कधी दिसत नाही, पण त्याचा परिणाम थेट आपल्या घरातल्या बाळापर्यंत पोहोचतो.

घरात बाळंतीण असली की आशाताई येतात. बाळाला झोळीत ठेवून वजन करतात, ताप बघतात, दूध नीट ओढतंय का विचारतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत 6 वेळा, घरी झालं असेल तर 7 वेळा. या घरभेटींची मुळं आपल्याच गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या 39 गावांत बायकांना शिकवून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. दुसऱ्या 47 गावांत नेहमीच्याच सोयी होत्या. तिसऱ्या वर्षी दोन्हींची तुलना केली, तर या 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते.

आता सांगा, गावातली बाई बाळाचा जीव वाचवू शकते, हे दूरच्या मोठ्या डॉक्टरांनी कसं मानायचं? नुसतं सांगून कोण ऐकतं? हा अभ्यास डिसेंबर 1999 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 'लॅन्सेट' हे 1823 पासून निघणारं डॉक्टरांचं साप्ताहिक आहे. अशा नियतकालिकाला जर्नल म्हणतात. तिथे काय छापायचं आणि काय नाही, हे ठरवतात संपादक.

संपादक म्हणजे फक्त शुद्धलेखन तपासणारा माणूस नव्हे. आपण धान्य दळायला देण्याआधी पाखडतो, खडे वेचतो. तसंच त्यांचं काम. आलेला लेख ते आधी स्वतः वाचतात. बरेचसे तिथेच परत जातात. जो ठीक वाटतो, तो त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांकडे पाठवतात. हे जाणकार खोड्या काढतात: माणसं कशी निवडली? आकडे कसे मोजले? निष्कर्ष आकड्यांतून निघतो की नुसता मनातून? लेखकाला या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

आणखीही काही गोष्टी संपादकांनी विचारायच्या असतात. ज्यांच्यावर अभ्यास केला, त्यांना नीट समजावून त्यांची परवानगी घेतली होती का? पैसा कुणी दिला? औषध कंपनीनं दिला असेल, तर ते उघड लिहायला लावायचं. आपल्याच मित्राचा लेख आला, तर संपादकानं बाजूला व्हायचं आणि निर्णय दुसऱ्याकडे द्यायचा. औषधाचा उपयोग झाला नाही असा अभ्यास आला, तर तोही दाबायचा नाही.

कुणाच्या दुखण्याला जागा द्यायची, हेही संपादकच ठरवतात. याच बंग दांपत्याचा एक अभ्यास 'लॅन्सेट'नं 1989 मध्ये छापला होता. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली, तर 92 टक्के बायकांना अंगावरून जाण्यासारखे काही ना काही स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम 8 टक्के. आपण जे 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून सोसतो, ते तिथे छापून आलं म्हणून जगाला कळलं.

पण पाखडताना खडा राहिला तर? याच 'लॅन्सेट'मध्ये 1998 साली इंग्लंडच्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. फक्त 12 मुलांवरचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्र लशीचा संबंध त्यात स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी असू शकतो, असं सुचवलं होतं. आईबाप घाबरले. ब्रिटनमध्ये लस घेणं कमी झालं आणि पुढे गोवर पुन्हा पसरला. लस कंपन्यांविरुद्ध खटला चालवणाऱ्या वकिलाकडून पैसे मिळाले होते, हे वेकफील्ड यांनी लपवलं होतं. ब्रायन डीअर या पत्रकारानं ते 2004 मध्ये उघड केलं. मुलांची निवडही लेखात सांगितली तशी नव्हती, हे पुढे चौकशीत निघालं. अखेर फेब्रुवारी 2010 मध्ये 'लॅन्सेट'नं लेख मागे घेतला. तोवर 12 वर्षं गेली होती. नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत लस आणि ऑटिझमचा संबंध दिसला नाही.

मागे घेतला म्हणजे फाडून टाकला असं नव्हे. बचत गटाच्या वहीत चुकीची नोंद झाली तर आपण पान फाडत नाही. रेघ मारतो, बाजूला सही करतो, म्हणजे चूक काय होती ते सगळ्यांना दिसतं. जर्नलमध्येही तसंच. लेख राहतो, पण त्यावर 'मागे घेतला' असा शिक्का बसतो. आपली चूक चारचौघांत कबूल करणं हेही संपादकाचं कर्तव्यच. 2020 मध्ये करोनाच्या काळात एका औषधावरचा लेख असाच संशयास्पद निघाला, तेव्हा तो 13 दिवसांत मागे घेतला गेला.

मैत्रिणींनो, 1998 ची ती भीती आजही मोबाईलवर फिरते. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस बाळाला 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी मात्रा 16 ते 24 महिन्यांत देतात. 'सुई टोचली की मूल बिघडतं' असा निरोप आला आणि एखाद्या सुनेनं बाळाला नेलं नाही, तर गोवर तिचा पत्ता विचारत बसणार नाही.

मोबाईलवरच्या निरोपाला संपादक नसतो. तिथे पाखडणारं कुणी नाही. मग ते सूप आपणच हातात घ्यायचं. पुढच्या बैठकीत असा एखादा निरोप मोठ्यानं वाचा आणि चार प्रश्न विचारा. हे सांगतंय कोण? किती माणसं तपासून सांगतंय? यात कुणाचा फायदा आहे? आणि दुसऱ्या कुणी जाणकारानं हे तपासलंय का? उत्तर मिळालं नाही, तर निरोप पुढे ढकलू नका. आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा.

आणि हो, पांढरं पाणी जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर तेही सोसत बसू नका. तपासून घ्या. भेटू पुन्हा. नमस्कार.