मोटार चालविण्याचे शिक्षक कसे व्हावे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तेव्हा वैद्यक, अभियांत्रिकी आणि वकिली या व्यवसायांचा उल्लेख ओघानेच येतो. तो योग्यही आहे. परंतु ज्यांची वाट दहावी-बारावीनंतर त्या दिशेने जात नाही, अशा मुलामुलींना आपण कोणता मार्ग दाखवितो? कार्यकारी मंडळाने आज मला बोलण्याची संधी दिली, तिचा उपयोग मी एका दुर्लक्षित व्यवसायाची माहिती देण्यासाठी करणार आहे. तो व्यवसाय म्हणजे मोटार चालविण्याचे शिक्षण देण्याचा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याला गाडी उत्तम चालविता येते, त्याला ती शिकविताही येते, अशी आपली समजूत असते. पण गोड गळ्याचा प्रत्येक मनुष्य गायनाचा गुरू होत नाही. चालक स्वतःच्या हातापायांवर विसंबतो. शिक्षकास दुसऱ्याच्या हातापायांवर लक्ष ठेवून, चूक घडण्यापूर्वीच ती ओळखावी लागते. ही दोन कौशल्ये भिन्न आहेत, आणि म्हणूनच कायद्याने शिक्षकाची पात्रता चालकाच्या पात्रतेहून वेगळी सांगितली आहे.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाखाली १९८९ साली केंद्रीय नियम करण्यात आले. त्यांतील चोविसावा नियम ड्रायव्हिंग स्कूलसंबंधीचा आहे. त्यानुसार शिक्षक किमान दहावी उत्तीर्ण असावा. त्यास वाहन चालविण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. आणि शासकीय वा शासनमान्य संस्थेतून मोटार मेकॅनिकचे अथवा यांत्रिक अभियांत्रिकीचे प्रमाणपत्र त्याने मिळविलेले असावे. शिवाय वाहतुकीची चिन्हे व रस्त्याचे नियम यांचे पूर्ण ज्ञान, गाडीच्या निरनिराळ्या भागांचे कार्य प्रत्यक्ष दाखवून समजावून सांगण्याची पात्रता, आणि इंग्रजी अथवा प्रादेशिक भाषेचे पुरेसे ज्ञान या अटी आहेत. ‘समजावून सांगण्याची पात्रता’ हे शब्द तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावेत.

आता याचा हिशेब मांडून पाहू. सोळाव्या वर्षी दहावी झालेल्या मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, ज्यास आपण आय.टी.आय. म्हणतो, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर अठराव्या वर्षी त्याच्या हाती प्रमाणपत्र असते. मोटारीचा परवाना मिळण्याचे वयही तेच. पुढील पाच वर्षे त्याने नोकरी करीत वा घरच्या व्यवसायात राहून गाडी चालविली, की तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी तो या कामास पात्र होतो. हा सारा मार्ग मुलींनाही तितकाच मोकळा आहे. नियमांत स्त्रीपुरुष असा भेद नाही.

ही पाच वर्षे मात्र केवळ मोजण्यासाठी नाहीत. पावसाळ्यातील निसरडा रस्ता, रात्रीचा प्रवास, आठवड्याच्या बाजाराची गर्दी आणि घाटातील चढउतार यांचा अनुभव त्या काळात घेतला पाहिजे. वरंधा घाटासारख्या अरुंद वाटेवर उतरणाऱ्याने चढणाऱ्यास आधी वाट द्यावी, हा नियम पाठ करणे सोपे आहे. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणे किती कठीण असते, हे ज्याने अनुभविले आहे, तोच त्या नियमाचे कारण विद्यार्थ्यास पटवून देऊ शकतो. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये का ठेवावी आणि सतत ब्रेक दाबल्याने तो तापून निकामी कसा होतो, हेही अनुभवी शिक्षकाच्या तोंडूनच मनावर ठसते.

ज्यांस पुढे स्वतःचे स्कूल काढावयाचे असेल, त्यांनी प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना बारामध्ये अर्ज करावा. परवाना नमुना अकरामध्ये मिळतो व तो पाच वर्षे चालतो. ज्या प्रकारचे वाहन शिकवावयाचे, त्या प्रकारचे किमान एक वाहन स्वतःच्या मालकीचे हवे. मोटारसायकल वगळता प्रत्येक वाहनास दुहेरी नियंत्रणाची सोय हवी, म्हणजे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असावा. वर्गासाठी फळा, चिन्हांचे तक्ते, इंजिन व गिअरबॉक्स, हत्यारे, पुस्तके आणि प्रथमोपचाराची पेटी लागते. या यादीवरून लक्षात येईल की, शासनाच्या कल्पनेत ही खरोखरीची शाळा आहे. रस्त्याच्या कडेला उभी केलेली एखादी गाडी नव्हे.

बंधुभगिनींनो, ज्यासाठी मी आज उभा राहिलो, तो मुद्दा आता सांगतो. खाजगी वापराच्या वाहनाचे शिक्षण किमान एकवीस दिवसांचे व प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तासांचे असावे, तर भाड्याच्या व मालवाहू वाहनांसाठी तीस दिवस व पंधरा तास असावेत, असा नियम आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या तासांची नोंद ठेवावयाची असते आणि शेवटी नमुना पाचमध्ये प्रमाणपत्र द्यावयाचे असते. परंतु चार दिवस मैदानात फेऱ्या मारून महिन्याचे प्रमाणपत्र मिळावे, अशी अपेक्षा बाळगणारे पालक आपल्यातही आहेत. त्यांना घाई असते, आणि ती पुरविणारा कोणीतरी भेटतोच. असे प्रमाणपत्र देणारा शिक्षक कागद विकतो, आणि घेणारा आपल्याच मुलाच्या जिवाची जोखीम विकत घेतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. हे सारे अपघात शिक्षणाच्या अभावी झाले असे कोणी म्हणणार नाही. पण नीट शिकविलेला चालक त्यांतील काही तरी टाळू शकला असता, हे कोण नाकारील?

ब्रिटनमध्ये या शिक्षकास तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली ज्ञानाची, दुसरी स्वतःच्या चालविण्याची आणि तिसरी शिकविण्याच्या कौशल्याची. आपल्याकडेही पाऊल पुढे पडत आहे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तेथील शिक्षक किमान बारावी उत्तीर्ण व पाच वर्षांचा अनुभवी असावा लागतो, आणि हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम एकोणतीस तासांचा आहे. म्हणून ज्या मुलांना शक्य असेल, त्यांनी दहावीवर न थांबता बारावी अवश्य पूर्ण करावी.

अखेरीस दोन सूचना नम्रपणे मांडतो. आपल्या मंडळाने शिक्षणसाहाय्य देताना आय.टी.आय.मधील मुलामुलींचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बरोबरीने विचार करावा. आणि प्रत्येक कुटुंबाने असा निश्चय करावा की, आपल्या घरातील मूल गाडी शिकेल ते पूर्ण तास भरूनच शिकेल. पहिल्या सूचनेने चांगले शिक्षक निर्माण होतील, दुसरीने त्यांना चांगले विद्यार्थी मिळतील. ज्या व्यवसायात दुसऱ्याचे प्राण आपल्या शिकवणीवर अवलंबून असतात, तो लहान कसा म्हणावा? आपल्या तरुण पिढीने तो ताठ मानेने आणि सचोटीने करावा, अशी माझी इच्छा आहे.