कुलूपबंद कपाट आणि न वाचणारे मूल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ हे वाक्य आपल्या प्रत्येक शिबिरात एकदा तरी उच्चारले जाते. मग मोबाइलला दोष दिला जातो आणि आपण चहाला उठतो. आज मला या तक्रारीचीच उलटतपासणी करावयाची आहे. मुलाला बोल लावण्यापूर्वी आपण त्याच्यापुढे काय ठेवले आणि कसे ठेवले, याचा जाब आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आमच्या वस्तीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी रविवारचे वाचनालय सुरू केले. पुस्तके मोठ्या विचाराने निवडली होती : थोर पुरुषांची चरित्रे, स्वातंत्र्यलढ्याच्या कथा, श्रमप्रतिष्ठेचे महत्त्व सांगणाऱ्या पुस्तिका. पाचवीतला एक मुलगा दर रविवारी येई, सतरंजीच्या कडेला बसे आणि पुस्तकाला हात न लावता परत जाई. एकदा मी आग्रहाने एक चरित्र त्याच्या हाती दिले. त्याने विचारले, “यावर परीक्षा आहे का?” नाही म्हणताच त्याने ते शांतपणे परत केले. छापील कागद म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे अपमान, एवढेच शाळेने त्याला शिकवले होते.

पुढे रद्दीतून आलेल्या गठ्ठ्यात भुतांच्या गोष्टींचे एक फाटके पुस्तक निघाले. आमच्यातील एका ज्येष्ठ साथींनी ते काढून टाकावे असे सुचविले. अंधश्रद्धेशी लढणाऱ्यांनीच भुते वाटावीत काय, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. पण आमचा निर्णय होण्यापूर्वीच त्या मुलाने ते पुस्तक पळवले! पुढच्या रविवारी तो ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, धाकट्या बहिणीला ते वाचून दाखवीत होता. शब्द अडला की तो मागे येई आणि पुन्हा प्रयत्न करी, कारण पुढे काय झाले हे त्याला स्वतःला हवे होते. भुताची गोष्ट वाचणारा मुलगा उद्या भुताविषयी शंका घेणारे पुस्तकही वाचू शकेल. जो काहीच वाचत नाही, त्याच्यापर्यंत आपला विवेकवाद कोणत्या वाटेने पोहोचणार?

न वाचणारी सगळी मुले एका जातकुळीची नसतात. काहींना वाचता येते, पण गोडी नाही. काहींना वाचताच येत नाही, आणि ते लपविण्यासाठी ती ‘मला आवडत नाही’ म्हणतात. २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के होती. अशा दहा वर्षांच्या मुलाला जाडजूड पुस्तक देणे निरर्थक आहे. पण त्याच्या हाती चिऊकाऊचे पुस्तक देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला वाक्ये छोटी हवीत, चित्रे भरपूर हवीत. पण विषय मात्र त्याच्या वयाचा हवा : साप, क्रिकेट, सायकल, चोर-पोलीस, विनोद. चित्रकथेला नाक मुरडू नये. गरिबाच्या मुलाला गरिबीच्याच गोष्टी द्याव्यात, हाही आपला एक गैरसमज आहे. आपल्या वस्तीसारखी वस्ती त्याला पुस्तकात दिसली पाहिजे, तसाच चंद्रावरचा प्रवासही दिसला पाहिजे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांनी डोक्यावर घेतला, तो काही उपदेश करतो म्हणून नव्हे. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा संकटात उडी घेतो आणि मूल त्याच्यामागे धावत सुटते.

आपल्या लाडक्या ‘श्यामची आई’चेच पाहा. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचना एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे, म्हणजे ते मुळात ऐकण्याचे पुस्तक आहे. आपण मात्र ते बक्षीस म्हणून वाटतो आणि घरी जातो. त्यातील एक रात्र मुलांना गोलात बसवून वाचून दाखवा, आणि उत्कंठा वाढली की थांबा. पुस्तक कोठे आहे, हे मग मुलेच विचारतील.

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक वर्गाला आपलेसे करतो ते गोष्टीने. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांसह १९४५ साली बोर्डीत काम उभे केले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही ताराबाईंची दृष्टी होती. पुस्तकालाही हाच न्याय लावला पाहिजे.

परंतु आपल्या शाळांतील पुस्तक अंगणात जाणे दूरच, ते कपाटाबाहेरही येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत पुस्तके होती, कोरी करकरीत होती आणि कुलपात होती. हरवली तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने गुरुजी किल्ली सोडत नव्हते. दोष त्या गुरुजींचा नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये फाटलेले पुस्तक हा तोटा ठरतो आणि न उघडलेले पुस्तक ही मालमत्ता ठरते, त्या व्यवस्थेचा आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन कपाट उघडे आहे काय, हे पाहा. वापराने झिजलेली पुस्तके निर्लेखित करण्याची सोपी तरतूद व्हावी आणि शिक्षकाकडून वसुली होऊ नये, अशी मागणी पंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरा. आणि पुस्तके खरेदी करताना मुलांना बरोबर न्या; त्यांनी निवडलेले पुस्तक आपल्याला पसंत नसले तरी घ्या.

यातील शेवटची सूचना आपल्याला सर्वांत जड जाईल. लोकशाहीवर आपण तासन्‌तास बोलतो. पण एखाद्या मुलाने आपण दिलेले पुस्तक खाली ठेवून दुसरे उचलले, तर आपला चेहरा पडतो. मित्रहो, त्या क्षणी ते मूल आपल्या आयुष्यातील पहिले मतदान करीत असते. त्या मताचा मान राखण्याची तयारी असेल, तरच आपण वाचनालय चालवावे.