आडनाव सांगाल तर फाशी

मागच्या महिन्यात पुण्यात खोली शोधत होतो. एका घरमालकांशी फोनवर सगळं ठरलं. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळसुद्धा. शेवटी म्हणाले, "बरं, आडनाव काय म्हणालात?" मी म्हणालोच नव्हतो. सांगितलं. तिकडे जरा शांतता, मग "कळवतो." अजून कळवतायत.

त्या रात्री आडनावांबद्दल वाचत बसलो आणि पोचलो थेट स्कॉटलंडला. मॅकग्रेगर! ऐकलंय ना? 'स्टार वॉर्स'मधला ओबी-वान, म्हणजे इवान मॅकग्रेगर. एमबीएवाल्यांना थिअरी एक्स आणि थिअरी वायवाले डग्लस मॅकग्रेगर आठवतील. 'मॅक' म्हणजे मुलगा, ग्रेगरचा मुलगा, एवढंच. पण एके काळी हे आडनाव लावलं तर मृत्युदंड होता. अतिशयोक्ती नाही, तसा हुकूमच होता.

झालं असं, की मॅकग्रेगर हे हायलँड्समधलं, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं घराणं. शेजारचे कॅम्पबेल दरबारात वजनदार. त्यांनी जमिनींच्या सनदा आपल्या नावावर करून घेतल्या. मॅकग्रेगरांकडे तलवार होती, कागद नव्हता. (सातबारा कुणाच्या नावावर आहे यावरून घरं फुटलेली आपणही पाहिलीत.) मग गुरं पळवणं, मारामाऱ्या. हे काही बिचारे नव्हते हं. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइनच्या खोऱ्यात त्यांनी दुसऱ्या एका घराण्याची शंभरावर माणसं मारली.

राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडची गादी मिळाली म्हणून लंडनला निघायच्या गडबडीत होता. निघण्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, हुकूम निघाला : मॅकग्रेगर हे नावच रद्द. ज्याचं असेल त्यानं बदलावं, नाहीतर जीव जाईल. पुढच्या वर्षी घराण्याच्या प्रमुखाला एडिंबरात फाशी दिली.

बाकीच्यांनी काय केलं? कुणी मरे झाले, कुणी ड्रमंड, कुणी स्ट्युअर्ट. आणि कित्येक जण चक्क कॅम्पबेल! ज्यांनी जमीन घेतली, त्यांचंच आडनाव पोराला लावायचं. मला इथे वाचणं थांबवावं लागलं.

१६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत लागली. या दोन तारखांच्या मधला माणूस म्हणजे रॉब रॉय. जन्म १६७१. बावीस वर्षं आपलं आडनाव उघड लावलं, आणि मग एक दिवस ते पुन्हा गुन्हा झालं. आईचं माहेर कॅम्पबेल, म्हणून तो कागदावर कॅम्पबेल लिहू लागला. गुरांचा व्यापार करायचा, कर्जात बुडाला, फरार झाला, आणि लोकांच्या गोष्टींमध्ये हिरो झाला. वॉल्टर स्कॉटनं त्याच्यावर कादंबरी लिहिली, १९९५ मध्ये लियाम नीसनचा सिनेमा आला.

बंदी कायमची उठली १७७४ मध्ये. म्हणजे पहिल्या हुकुमानंतर १७१ वर्षांनी!

आणि नाव परत मिळाल्यावर बारा वर्षांनी जन्मला कोण, तर ग्रेगर मॅकग्रेगर. हा महाठग. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हारच्या बाजूनं लढून जनरल झाला, आणि लंडनला परतून 'पोयस' नावाच्या देशाचा राजा असल्याचं सांगू लागला. देश अस्तित्वातच नव्हता! तरी यानं त्याचे कर्जरोखे विकले, जमिनी विकल्या, नोटा छापल्या. सुमारे अडीचशे माणसं संसार गुंडाळून जहाजानं निघाली आणि आजच्या होंडुरासच्या किनाऱ्यावर उतरली. समोर नुसतं जंगल. निम्म्याहून जास्त मेली. ज्या आडनावासाठी आजे-पणजे लपत फिरले, ते यानं विश्वास बसावा म्हणून वापरलं. मला ग्लेन फ्रूइनपेक्षा याचाच जास्त राग येतो.

रॉब रॉयची कबर बल्क्विडर नावाच्या गावात आहे. (उच्चार चुकला असेल तर स्कॉटिश मंडळींनी सांभाळून घ्या.) तो बंदी असतानाच वारला, १७३४ मध्ये. कबरीवर नंतर कोरलेल्या ओळीचा माझ्या मराठीत अर्थ असा : त्यांच्या नाकावर टिच्चून, मॅकग्रेगर.

आजच्यापुरतं एवढंच. आणि हो, खोली अजून शोधतोय. कर्वेनगर, वारजे, कुठेही चालेल. काही कळलं तर मेसेज टाका. या वेळी पूर्ण नाव मी आधीच सांगणार आहे.